बाबांचं मशीन आणि तीन हजार अनोळखी

३ मार्च, मंगळवार
"शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर भंगारात!" — छापखान्याचे मालक बाबांना म्हणाले. मी तिथेच पुढच्या खोलीत संगणकावर पानं लावते. दार उघडंच होतं. पंधरा दिवस झाले, छपाईचं मशीन एकाऐवजी दोन-दोन कागद उचलतंय. अर्धे कोरेच बाहेर येतात. बाबांनी कागद उचलणारे रबर बदलले, हवेचा दाब कमी-जास्त केला. फरक शून्य! मशीन गेलं की बाबाही घरी. तीस वर्षं झाली त्यांना तिथे.

जेवताना म्हटलं, आमच्या छपाईवाल्यांच्या ऑनलाइन गटात विचारते — देशोदेशीचे तीन हजार जण आहेत. बाबांचा घास हातातच राहिला. "माझं अज्ञान जगभर छापणार? याचसाठी पदवीधर झालीस?"
"छापू दे की," आई म्हणाली, "तुमच्या मशीनवर तर काही छापलं जात नाही."
बाबा हसले नाहीत.

४ मार्च
विचारलं! चोरून. मशीनचा व्हिडिओही टाकला.

५ मार्च, गुरुवार
एक्केचाळीस उत्तरं! बहुतेक सगळं बाबांनी आधीच करून पाहिलेलं. पण एका मुलीने — तिची भाषाही मला येत नाही, फोननेच अर्थ लावून दिला — फक्त एक प्रश्न विचारला. "महिन्याभरात तिथे काय बदललं?"

"काहीच नाही" असं टाइप करता करता मान वर केली. डोक्यावर नवा एसी! माझ्या संगणकांसाठी बसवलेला. आणि त्याच्या खालीच, दुसरीकडे जागा नाही म्हणून रचलेल्या कागदाच्या थप्प्या. कोरड्या हवेने कागदांत स्थिर वीज भरून ते एकमेकांना चिकटत होते. मशीन बिचारं निर्दोष!

६ मार्च
बाबांना सगळं सांगितलं, व्हिडिओसकट. त्यांनी थप्प्या स्वतः उचलून मशीनजवळ नेल्या, भोवती ओली पोती टांगली. मग म्हणाले, "आता ओल कागदात मुरू दे."

७ मार्च, शनिवार
चाललं!! पाच हजार कागद, एकही जोडी नाही! भंगारवाला दारातूनच परत. मालक म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे हो." बाबा म्हणाले, "आगाऊ आहे." पण मान ताठ होती!

गटाचा एक नियम आहे. ज्याचं काम झालं, त्याने काय केलं ते लिहायचं, म्हणजे पुढच्याला सापडतं. मला तो फार आवडतो. बाबांना विचारलं, ओल्या पोत्यांचं लिहू का? "उस्तादांनी सात वर्षं राबवून घेतलं, तेव्हा कुठे दाखवलं मला," एवढंच म्हणाले. एसीचं तेवढं लिहिलं, पोत्यांचं नाही. पहिल्यांदाच नियम मोडला.

९ मार्च, सोमवार
गटात नवा सभासद. नाव नाही, फोटोत आमचं मशीन. बारा मिनिटांचा आवाजी निरोप, आणि खाली कुणीतरी भाषांतरही सुरू केलंय.
"नमस्कार. पोरीने अर्धंच सांगितलं. पोती ओली कशी करायची, ते आधी ऐका..."