चीज दाबायचा वासा

१६ फेब्रुवारी
दुधाची गाडी आजपासून नार्व्याला येणार नाही. ड्रायव्हरने गाडीतूनच सांगितलं, उतरला नाही. आमच्या तांबू गायीचं सकाळचं दूध शेजारी वाटलं. संध्याकाळचं उरलं.
मांद्र्याला धाकट्या भावाला फोन. त्याच्या गेस्टहाउसात पावणे चीज मागतात. मोहन म्हणाला, "कर दादा, हांव घेतां." बायको सुलू चुलीकडून, "तांचें 'घेतां' आमी खूब आयकलां."
चीज जमलं नाही तर तांबू विकावी लागेल. देवापुढे उभा राहिलो. काही मागितलं नाही.

२१ फेब्रु.
म्हापशाच्या बाजारात चीजच्या विरजणाची पुडी मिळाली. पाकिटावरची हिरवी खूण दोनदा पाहिली. असलं विरजण वासराच्या पोटातूनही काढतात. तसलं असतं तर... नको.
माळ्यावरून बाबांच्या काजूच्या भट्टीचा वासा काढला. एक टोक गोठ्याच्या भिंतीत खोचलं. वाशाखाली साचा, म्हणजे भोकं पाडलेला पाइपचा तुकडा, त्यावर फणसाच्या लाकडाची चकती. दुसऱ्या टोकाला बाबांचाच दगड. ते काजूचे बोंडू असेच दाबायचे. दगड एकदम सोडायचे, रस धो धो यायचा.
मीही एकदम सोडला.

२४ फेब्रु.
मांद्रे. बाहेरून चीज इतकं गुळगुळीत की मलाच अभिमान वाटला. मोहनने पावण्यांसमोर सुरी घातली. आतून आंबट पाणी टेबलावर.
"हें चीज न्हय दादा, पिकलेलो फोड!"
पावण्यांना भाषा कळली नाही, तरी हसले. मी फडक्याने टेबल पुसलं. मोठा भाऊ मी. कोणी फडकं हातातून घेतलं नाही.
बसमध्ये जेवणाचा डबा तसाच.

२६ फेब्रु.
गोठ्यात बसून विचार केला. बोंडूत रस हवा, चोथा फेकायचा. इथे पाणी फेकायचं आणि चोथाच हवा. एकदम दाबलं की बाहेरची साल बंद होते, आतलं पाणी आतच कुजतं. एवढं साधं. बाबांचा हात माझ्या हातात राहिला, डोकं चाललं नाही.
आणि मोहनचं ते फोडाचं बोलणं. तेही कुठे बाहेर येतंय.

१ मार्च
दगड काढला. सुलूने माहेरचा तांब्याचा कळसो पुढे ठेवला. दगडाच्या जागी आधी रिकामाच टांगायचा, मग तांब्या-तांब्याने पाणी वाढवत जायचं. सुंभ दोनदा तुटला. शेवटी तांबूचं दावं सोडून वाशाला बांधलं. ते तुटत नाही.

५ मार्च
यावेळचं बरं. कापलं, पाणी नाही. मधे एक चीर. मोहनला फोन केला. "सोमवारी घेवन यो, पळोवया." मागे कोणाशी तरी बोलत होता, मधेच ठेवला.

७ मार्च
सोमवारी गाय बघायला घाटावरचा माणूस येतोय. मी बोलावला नाही. मोहनने धाडलाय. "दादाचो त्रास उणो जावंचो म्हणून." चीज घेऊन ये म्हणाला तोही सोमवारच. एका तोंडाने दोन्ही.
सुलू म्हणाली, "देवाक विचारात. प्रसाद घेयात." कौल लावायला गेलो नाही. विचारलं की पाळावं लागतं.

९ मार्च
कालपासून नवीन चीज वाशाखाली. कळसो आता काठोकाठ. खाली थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग थेंब. पाणी स्वच्छ आहे. उद्या सकाळी काढायचं.
घाटावरचा माणूसही सकाळीच.
सुलूला म्हटलं, गाय दिली तरी दावं द्यायचं नसतं, बाबांनी कधी दिलं नाही. ती म्हणाली, "तो आपलें दावें घेवन येतलो. तांकां सगळें खबर आसता."
तिन्हीसांजेला दिवा लावून गोठ्यात गेलो. दावं वाशाला, म्हणून तांबू इतके दिवस मोकळीच. फाटकही उघडंच होतं.
कुठे गेलेली नाही.