सिराक्यूज, स्वबळावर

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.
ठरलं. एप्रिलमध्ये सिराक्यूज. इटलीच्या सिसिली बेटावरचं समुद्रकाठचं शहर. पावणेतीन हजार वर्षं जुनं. आर्किमिडीज तिथलाच.
बायको, सुनेत्रा, नोव्हेंबरमध्ये शाळेतून रिटायर झाली. एकतीस वर्षं भूगोल. दर वर्षी फळ्यावर भूमध्य समुद्र काढायचा आणि घंटा झाली की पुसायचा. एवढंच म्हणाली, की तो एकदा डोळ्यांनी बघायचाय. आजवर तिच्या वाट्याला गिरगाव चौपाटी आली.
सोपं आहे. अ‍ॅडमिनमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली मी. ऑफिसच्या बावीस पिकनिक माझ्या हातून झाल्या. दोनदा बस आली नाही, पण तो बसवाल्याचा प्रश्न.

दुपारी.
मॉड परेरा आली. सुनेत्राच्याच शाळेत विज्ञान शिकवायची, राहते खोताच्या वाडीत. त्यांच्या चर्चचा ग्रुप ईस्टरनंतर सिसिलीला चाललाय. सिराक्यूज आहेच. व्हिसा, हॉटेल, सगळं एजंट बघतो. दोन जागा शिल्लक आहेत, म्हणाली.
नम्रपणे नकार दिला. कोणा गाइडच्या छत्रीमागे रांगेत चालणं म्हणजे प्रवास नव्हे. मॉड तरी दोन फॉर्म ठेवून गेली. राहू देत.

७ जानेवारी, बुधवार.
एक्सेल उघडलं. चौदा शीट्स. देवळांना पिवळा रंग, जेवणाला हिरवा. मग वाटलं जेवणाला केशरी बरा. दिवस गेला, पण पाया पक्का झाला.
सुनेत्राने विचारलं, तिकिटांचं काय. तिकीट शेवटी, आधी स्ट्रक्चर. तिला हे कळायला वेळ लागेल.

१५ जानेवारी, गुरुवार.
संकल्प. रोज सकाळी बिल्डिंगचे चार जिने तीनदा. स्टॅमिना हवा.

१६ जानेवारी.
गुडघा.

१९ जानेवारी.
नीट वाचलं. सिराक्यूजचा जुना भाग बराचसा सपाट आहे. आधीच कोणी सांगितलं असतं तर गुडघा वाचला असता.

२५ जानेवारी, रविवार.
इटालियन सुरू. रोज वीस मिनिटं. उच्चार उत्तम आहेत असं अ‍ॅप म्हणतं.
गंगुबाई मासळी घेऊन दारात आली. प्रॅक्टिस म्हणून विचारलं, ‘क्वांतो कोस्ता?’ म्हणजे, कितीला.
ती म्हणाली, ‘कोस्ता नाय आज. बांगडा हाय.’
सुनेत्रा आत बराच वेळ हसत होती. अशा वातावरणात भाषा शिकणं अवघड आहे. तूर्तास स्थगित. तिथे सगळ्यांना इंग्लिश येत असणार.

८ फेब्रुवारी, रविवार.
व्हिसाच्या अपॉइंटमेंट मिळेनात. साइट उघडते आणि मिनिटांत भरते. या देशात कुठलीच सिस्टिम धड नाही.
सुनेत्राचं म्हणणं, मंगळवारी स्लॉट दिसत होते, तेव्हा मी कव्हर लेटर लिहीत बसलो होतो. अर्धसत्य. लेटर अकरा पानी आहे, ते काय चालता चालता होणार? एक पान पुरतं म्हणे. हे तिला मॉडने सांगितलं. हल्ली प्रत्येक गोष्ट मॉडने सांगितलेली असते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
यश! स्लॉट मिळाला. १० मार्च. एकाच माणसाचा आहे, पण सुरुवात झाली. सुनेत्राला म्हटलं, आधी मी जाऊन वाट मोकळी करतो, मग तुझा बघू. हो म्हणाली. एका शब्दाचाही वाद नाही. माझ्यावर तिचा विश्वास आहे, हे अशा वेळी जाणवतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
सुनेत्रा दिवसभर मॉडबरोबर बाहेर. दादरला खरेदी म्हणाली. संध्याकाळी आली ती हात हलवत. दिवसभर फिरून एक पिशवी नाही. प्लॅनिंग नसलं की असं होतं.

१० मार्च, मंगळवार. दुपारी २.
शक्य तितक्या शांतपणे लिहितो.
वेळेआधी पोचलो. फाइलला इंडेक्स, पानांना नंबर. काउंटरवर श्रेया नावाची मुलगी. लेटरची अकराही पानं बाजूला ठेवली आणि हॉटेलचं बुकिंग घेऊन बघत बसली.
‘सर, हे सिराक्यूज अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्क राज्यात.’
मी म्हटलं, असं होणार नाही, फोटोत पाणी दिसतंय. ती म्हणाली, ते तळं असेल.
अमेरिकेतही सिराक्यूज आहे! एका नावाची दोन गावं ठेवायची आणि वर माणसाला दोष द्यायचा. बुकिंग बदलून आणा, म्हणाली. त्यासाठी नवी अपॉइंटमेंट. नव्या तारखा थेट मे महिन्यात.

११ मार्च, बुधवार.
सुनेत्राला सकाळी चहाबरोबर सांगितलं. म्हटलं, एप्रिलचं विसर, दिवाळीनंतर जाऊ. गर्दीही कमी असते. एका अर्थी बरंच झालं.
तिने चहा संपवला. मग म्हणाली, ‘माझा व्हिसा शुक्रवारी आला. मी मॉडबरोबर जातेय.’
चोवीस फेब्रुवारीला ती दादरला नव्हती. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेली होती.
मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. म्हणाली, ‘तुमचा फॉर्म मी नावपत्ता घालून तुमच्या फाइलवर ठेवला होता. फक्त सही हवी होती. महिनाभर तिथे होता तो. मग एजंटचा फोन आला, जागा धरून ठेवता येणार नाही.’
फॉर्म मी पाहिला होता. त्यावर कप ठेवत होतो, हे खरं. पण अक्षर फार बारीक होतं आणि मी त्या वेळी केशरी रंगाच्या शीटवर होतो.
मी रागावलो. बराच वेळ रागावलो. ती कपाटातून स्वेटर काढून उन्हात टाकत होती. तिने एवढंच विचारलं, की तिकडे एप्रिलमध्ये हा लागेल का. माझ्याकडे हवामानाची अख्खी शीट आहे. तरी मी उत्तर दिलं नाही. मग तीच म्हणाली, राहू दे, मला माहितीये, मी शिकवायचे.

११ एप्रिल, शनिवार.
गेली. मॉडचा नवरा ज्यो गाडी घेऊन आला होता. टॅक्सीचे मार्ग मी काढून ठेवले होते, उपयोग झाला नाही. विमानतळावर मॉडने मला मिठी मारली आणि तुझी बायको आम्ही सांभाळू म्हणाली. मी सुनेत्राला म्हटलं, पासपोर्ट पुढच्या कप्प्यात ठेवू नकोस. तिने मान हलवली. तिने पायात नवे बूट घातले होते. कधी घेतले, माहीत नाही. आत जाताना ती भराभर चालत होती. शाळेला उशीर व्हायचा तेव्हा चालायची तशी.

१५ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ५.
व्हिडिओ कॉल आला. समुद्र होता. निळा म्हणावा तर तसा नव्हे. तिने फोन कठड्यावर टेकवून ठेवला होता बहुतेक, तिचा फक्त खांदा दिसत होता.
मी लगेच सांगितलं, उजवीकडे वळलीस की कॅथीड्रल, ते मूळचं ग्रीक देऊळ आहे, खांब भिंतीत बघ. म्हणाली, बघितलं सकाळी. लाटांचा आवाज येत होता. जेवलात का, तिने विचारलं. जेवलो म्हटलं. पाव खाल्ला होता.
थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुम्ही असायला हवे होतात.’
मला अगदी बरं वाटलं. विचारलं, खरंच?
‘खरंच,’ म्हणाली. ‘पण मग आपण दोघंही आत्ता गिरगावात असतो.’
आवाज तुटतोय म्हणून मी फोन ठेवला.
आवाज तुटत नव्हता.