टाकीत उतरायचं की नाही

१८ नोव्हेंबर

न्हाणीघराच्या जाळीतून घाण वर आली. सकाळी साडेसहाला! आधी नुसती गुडगुड, मग काळं पाणी, मग — नको, लिहवत नाही. दोन बादल्या पाणी मारलं, तर ते खाली जायच्या ऐवजी माझ्याच पायांवर आलं. संडासाचं भांडंही काठोकाठ.

भिंतीपलीकडे माझी बायको तंकमणी पिशवी बदलत होती. तोंडाला मास्क, दार बंद, पंखा बंद. पोटातल्या नळीतून जुनं पाणी बाहेर काढायचं, नव्या पिशवीतलं दोन लिटर आत सोडायचं. दिवसातून चार वेळा. मूत्रपिंडं करत नाहीत ते काम हे पाणी करतं. हॉस्पिटलातल्या सिस्टर जिजीने शिकवताना मला बजावलं होतं, "दिवाकरन चेट्टा, ही नळी म्हणजे सरळ पोटात उघडणारं दार आहे. घरात घाण शिरली की पोटात शिरलीच समजा."

दाराआडून आवाज आला, "कसला वास हो?"

"मांजराने मासा आणून टाकलाय."

"बराच जुना दिसतोय मासा!"

फिनेल ओतलं. अख्खी बाटली.

१९ नोव्हेंबर

मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याला फोन केला. "घरापर्यंत रस्ता केवढा रुंद आहे?" म्हटलं, रस्ता नाही, बोट येते. तो हसायलाच लागला. "चेट्टा, माझ्या गाडीला पोहता येत नाही."

पंचायतीकडे तराफ्यावर बसवलेला एक पंप आहे. तो बंद पडलाय. "नाव लिहून घेतो. जानेवारीत बघू." जानेवारीत! म्हटलं, पंप मला दाखवा, चौतीस वर्षं बोटींची इंजिनं उघडून बसलोय मी. "तसं चालत नाही, चेट्टा. कागद वर गेलाय."

कागद वर गेलाय. इथे घाण वर आलीय.

२० नोव्हेंबर

सकाळी तंकमणीच्या पोटातून निघालेली पिशवी पेपरवर धरली. मथळा आरपार वाचता आला. पाणी स्वच्छ. गढूळ दिसलं की संसर्ग — अजून तरी नाही.

२१ नोव्हेंबर

बेबिच्चन गवंडी आला. टाकीचं एक झाकण सरकवून लांबूनच बघितलं, लांबच्या काठीने चाचपलं. टाकीतून शोषखड्ड्याकडे जाणारा वाकडा पाइप तुटून आत पडलाय. मैला पुढे जाऊन खड्डा बुजलाय. त्यात वृश्चिक महिन्यातली भरती, कालव्याचं पाणी अंगणाच्या बरोबरीला आलेलं. टाकी रिकामी होणार कुठून!

"म्हणजे आत उतरून पाइप बसवला की झालं?" मी विचारलं.

"पाइप बसवायला पाच मिनिटं लागतील."

"मग उतर की."

त्याने झाकण परत ओढून घेतलं. हात धुतले. कमरेच्या मुंडूला पुसले. पुन्हा धुतले.

"माझा भाऊ उतरला होता," तो म्हणाला. "शहरात, एका लॉजमध्ये. पाच मिनिटांचंच काम होतं. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला. दोघांच्या अंगावर साधं खरचटलेलं नव्हतं. तुम्ही म्हणाल ते बांधून देईन, चेट्टा. पण त्या भोकात मी उतरणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला उतरवलंत तर पोलिसात मीच जाईन."

त्याचं म्हणणं, जुनी टाकी विसरा. फायबरची तयार टाकी आणून जमिनीच्या वर, चौथऱ्यावर बसवू. संडासही तीन पायऱ्या उंच घेऊ. पण टाकी यायला आठवडा, चौथऱ्याला माती लांबून बोटीने आणायची, म्हणजे बारा-पंधरा दिवस.

पंधरा दिवस! तिकडे पाच मिनिटांचं काम, इकडे पंधरा दिवस. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

२२ नोव्हेंबर

दुपारी न्हाणीघरात पुन्हा तेच. तीनदा धुतलं. हातांची कातडी सोलवटलीय. आता त्याच हातांनी तिच्यासाठी तांदळाची कंजी करायची.

२३ नोव्हेंबर

तंकमणीला म्हटलं, थोडे दिवस तुझ्या भावाकडे जाऊ. डांबरी रस्त्यावरचं घर, सगळी सोय. काही सांगितलं नाही, हवापालट म्हटलं.

"तिथे खिडकीच्या गजाला पिशवी लटकवून बसू? वहिनी गेल्या खेपेला माझा पेला वेगळा ठेवत होती. हा रोग चिकटतो असं वाटतं तिला."

"मग हॉस्पिटलात."

"तिथून सुटायला म्हणूनच तर पोटाला भोक पाडून घेतलं ना?"

खरं आहे. आठवड्यातून तीनदा बोट, मग बस, मग चार तास रक्त धुणारं मशीन. परतताना ती बोटीत फळीवर आडवी व्हायची आणि मी इंजिनवाल्या पोराला ओरडायचो, हळू चालव म्हणून. घरच्या पिशवीचं माझ्याच डोक्यातून आलं. "घर आपलं स्वच्छ आहे," असं डॉक्टरांना मीच छाती काढून सांगितलं होतं.

२४ नोव्हेंबर

आज जे केलं ते कुणाला सांगता यायचं नाही, म्हणून इथे.

चार दिवस तिच्या पिशवीचं पाणी मी संडासात ओतत नाही. बादलीत घेतो आणि मागे कालव्यात सोडतो. आणि नुसतं तेच नाही. बाकीचंही. झाकलेल्या बादलीतून.

पोन्नम्मा चेचीने पाहिलं. शेजारचं उंचवट्यावरचं घर तिचं. कालव्याच्या पायरीवर भांडी घासत होती. "ए दिवाकरा, काय रे ओततोस?"

"भाताचं पाणी, चेची."

तिने भांडी उचलली आणि ती आत गेली. अर्धी घासलेली.

त्या पाण्यात तिची भांडी, तिची बदकं. माझं वय एकसष्ट!

२५ नोव्हेंबर

भरती अजून चढतेय. न्हाणीघराच्या दाराला गोणपाट लावलं. तंकमणीच्या खोलीपासून घाण आता चार फुटांवर. मोजलं.

२६ नोव्हेंबर

ठरलं. उद्या मीच उतरणार.

बेबिच्चनचा भाऊ घाईत उतरला असेल. मी झाकणं सकाळपासून उघडी ठेवीन. कमरेला दोर बांधून माडाला अडकवीन. श्वास रोखून खाली, पाइप बसवून वर. दुपारी बाराला ती पिशवी बदलायला दार लावून घेते, चाळीस मिनिटं बाहेर येत नाही. तेवढ्यात उरकायचं.

माडाला बांधलेला दोर ओढणार कोण, हा प्रश्न आहे. ठाऊक आहे मला. कुणाला बोलावलं तर उतरू देणार नाहीत.

म्हणून लिहून ठेवतो. पिशव्यांचे खोके तिच्या पलंगाखाली. तिला उचलवत नाहीत, कुणीतरी काढून द्या. पिशवी द्यायच्या आधी अंगाइतकी कोमट करायची, उन्हात ठेवून नाही. रात्रीची पिशवी गडद लेबलाची. शहाळं मागेल, फार आवडतं तिला, दारात सात माड आहेत — देऊ नका, तिला चालत नाही. रागावली तर रागावू द्या. नंतर स्वतःच बोलते.



२७ नोव्हेंबर

जिवंत आहे. नीट क्रमाने लिहितो.

सकाळीच झाकणं काढली. बारा वाजता तिने दार लावून घेतलं. मी मुंडू खोचला, दोर बांधला, तोंडाला ओला पंचा गुंडाळला. शिडी सोडली. वास असा की डोळ्यांतून पाणी. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मागून काहीतरी फरफटत आल्याचा आवाज. वळून बघतो तर तंकमणी, प्लास्टिकची खुर्ची ओढत! अनवाणी. खुर्ची तिने टाकीच्या तोंडाशी आणली, माझ्या हातावर जवळजवळ ठेवलीच, आणि बसली.

"उतरायचं असेल तर आधी मला उचलून बाजूला करा. पोटात दोन लिटर पाणी आहे. सांभाळून उचला."

"आत जा! हा वास — तुला इथे —"

"वासाचं मला सांगताय? मूत्रपिंडं गेलीत माझी, नाक नाही गेलेलं. मांजराचा मासा म्हणे! आपल्याकडे मांजर तरी आहे का?"

नाहीये. मे महिन्यात मेलं ते.

मी पायरीवर तसाच. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. म्हटलं, तुझ्यासाठीच करतोय. आवाज चढवला. अठ्ठावीस वर्षांत चढवला नव्हता इतका.

"माझ्यासाठी ना? मग हिशेब साधा आहे. मी गेले तर तुम्ही एकटे राहाल, रडाल, कप्प्याचे कंद उकडून खाल, जगाल. तुम्ही गेलात तर आठवड्यात मी. एका तिकिटात दोन माणसं न्यायची ही कुठली बोट?"

मग ती म्हणाली, "वर या. भीती वाटतेय मला." हे मात्र अगदी हळू.

वर आलो. दोर सोडायला गेलो तर गाठ सुटेना. तिनेच सोडली. मी जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडलो. पोन्नम्मा चेची कुंपणाशी उभी होती, सगळं बघत. सांगून टाकलं तिला. बादली, कालवा, सगळं.

ती म्हणाली, "भाताचं पाणी म्हणे! चाळीस वर्षं भात शिजवतेय मी." मग म्हणाली, "माझा संडास उंचावर आहे. उद्यापासून दोघं तिकडे या. पिशवीचं पाणीही तिकडेच आणून ओत. आणि माझी पायरी धुऊन दे."

धुऊन दिली. ब्लीचिंग पावडर टाकून, तिन्ही पायऱ्या.

२८ नोव्हेंबर

बेबिच्चनला फोन केला. शिडीचं काहीच सांगितलं नाही. तरी तो म्हणाला, "उतरला नाहीत ना? बस्स." टाकी त्याने २१ तारखेलाच सांगून ठेवलीय.

३० नोव्हेंबर

माती आली. आठ फेऱ्या. बेबिच्चन बांधतो, मी भरतो. जुन्या टाकीची झाकणं सिमेंटने बंद केली. पाठ मोडलीय, पण हे दुखणं बरं आहे.

२ डिसेंबर

टाकी आली! बोटीत मावेना म्हणून धक्क्यावरून पाण्यात सोडली आणि बोटीमागे दोराने ओढत आणली. काळी, गोल, डुलत डुलत. काठावरून लोक ओरडत होते. "दिवाकरा, नवी पाणबुडी?" "अरे, हत्तिणीला आंघोळीला नेलीस काय?" ओरडून सांगितलं, संडासाची टाकी आहे, बसून बघायचं असेल तर या!

दोन आठवड्यांनी हसलो. तंकमणी दारात बसून बघत होती. तीही हसली, मग धाप लागली म्हणून थांबली.

४ डिसेंबर

टाकी चौथऱ्यावर बसली. बेबिच्चनने आधी पाण्याने भरून घेतली. रिकामी ठेवली तर पूर आल्यावर उचलून कालव्यात नेईल म्हणतो. निघणाऱ्या पाण्यासाठी खडीचा उंच वाफा केलाय. पायऱ्यांना कठडा मीच केला, जुन्या बोटीच्या लोखंडी नळीचा. तिला धरायला बरोबर हाताशी येतो.

५ डिसेंबर

पहिलं पाणी सोडलं. दोघं कान देऊन उभे. गेलं! सरळ, सुळकन, खाली.

तीन पायऱ्या उतरून आल्यावर ती बराच वेळ पलंगावर बसून राहिली. दम लागला होता. "आनंदाने," म्हणाली.

बेबिच्चनला करिमीन मासा तळून घातला. तो जाताना म्हणाला, "चेट्टा, आता निवांत झोपा." झोपलो. पडल्या पडल्या.

६ डिसेंबर

पिशव्यांचे महिन्याचे नवे खोके आले. ठेवायला तिच्या पलंगाखाली वाकलो, तर मागे भिंतीला लावून, जुन्या चादरीखाली पिशव्या. अठरा. सील न तोडलेल्या.

"दुपारची घेत नव्हते," ती म्हणाली. "टाकी भरत होती ना. मग पोन्नम्मा चेचीची भरली असती."

दुपारचं दार रोज लावून घ्यायची. आत नुसती बसायची चाळीस मिनिटं. बादली मी दिवसातून एकदाच ओतायचो, दोन लिटर कमी भरतेय हे ध्यानातच आलं नाही.

सिस्टर जिजीला फोन केला. ती म्हणाली, अंगात पाणी साचलं असेल, लगेच आणा. पाण्यावरची ॲम्ब्युलन्स तिकडून निघालीय. तंकमणीचे पाय माझ्या मांडीवर आहेत, एका हाताने लिहितोय. पायावर बोट दाबलं की खळगा पडतो. बोट काढलं तरी भरून येत नाही.