फोटो हाय, पोच न्हाई

७ जुलै, सोम.

जोंधळे सरांना नोटीस. घरोघरच्या सर्व्हेला गेले न्हाईत म्हणून. अरे बाबा, एकशिक्षकी शाळा! चार वर्ग, एक मास्तर. तो दारोदार हिंडायला गेल्यावर लेकरांना कोण बघणार, घंटा?

मागच्या वर्षी हे ठरलेलं होतं. एकशिक्षकी शाळेला सर्व्हे लावायचा न्हाई. संघटनेनं निवेदन दिलं, जुने गटशिक्षणाधिकारी सगळ्यांसमोर ‘मान्य’ म्हणाले. आता साहेब नवे, त्यांना काहीच ठाऊक न्हाई म्हणे. पुढच्या मंगळवारपर्यंत खुलासा, न्हाईतर निलंबन.

सरांचा फोन. ‘मॅडम, सचिव तुमीच ना. निवेदनाची शिक्क्याची पोच तेवढी काढून ठिवा.’ काढते म्हटलं. दोन मिनिटांचं काम.

८ जुलै, मंगळ.

दोन मिनिटांचं म्हणे! शाळेतून येऊन अख्खं कपाट उपसलं. निवेदनाची कॉपी सापडली. शिक्का न्हाई, सही न्हाई, आवक नंबर न्हाई. कोरी करकरीत.

मग आठवलं. त्या दिवशी जुन्या साहेबांच्या केबिनमध्ये तीसजण कोंबून उभे. अध्यक्ष कदम सर ओरडायलेत, ‘मॅडम, पुढं या, लेडीज पुढं!’ कागद साहेबांच्या हातात, सगळ्यांची बोटं कागदाला, क्लिक. मग चहा. मग ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. खाली आवकच्या खिडकीवर जाऊन पोच घ्यायचं काम माझं होतं. मी नवी साडी नेसून फोटोत.

फोटो बारा सापडले.

हे हसले. हे पूर्णेला रेल्वेत. ‘आमच्या युनियनमधी शिक्का पडल्याबिगर माणूस खिडकी सोडत न्हाई. तुमी मास्तर लोकं फोटोचे भुकेले.’ लय राग आला. खरं बोलले म्हणून जास्तच.

१० जुलै, गुरु.

नव्या साहेबांकडे गेलो, मी, कदम सर, आणखी दोघं. ‘संघटना-बिंगटना मला सांगू नका. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं यावं. एकेकट्यानं या, ऐकून घेतो.’

कदम सरांनी फोटो दाखवला. साहेबांनी दोन बोटांनी मोठा केला. ‘कागद दिसतो. कागदावर काय लिहिलंय ते कुठं दिसतं?’ खरंच न्हाई दिसत. माझ्या साडीचे काठ मात्र स्पष्ट.

वर सल्ला. जोंधळ्यांनी माफीनामा लिहून द्यावा, नोटीस फाईलबंद करतो. गोड बोलले. पण सरांनी माफी मागितली की ठरलेलं गेलं खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या झाडून सगळ्या एकशिक्षकी शाळांना सर्व्हे.

जिन्यातच कदम सर, ‘ग्रुपवर टाकायचं का, सकारात्मक चर्चा झाली म्हणून?’ डोकं फिरलं माझं.

११ जुलै, शुक्र.

जोंधळे सरांशी बोलले. ‘लिहून देतो मॅडम. रिटायरला दोन वर्षं राहिलीत. निलंबनाचा डाग घेऊन घरी बसू का?’

मी चिडले. तुमच्या एका सहीनं सगळ्यांचं वाटोळं होईल, असं काहीबाही बोलले. ते म्हणाले, ‘माझा बाप जलमभर गावापुढं हात जोडून जगला. मला शिकवलं ते हात खाली यावेत म्हणून. मला काय हौस आलीय माफीची?’

फोन ठेवल्यावर रडले. चूक माझी, आणि ओरडायलेय कुणावर!

१२ जुलै, शनि.

सकाळची शाळा सुटल्यावर मीटिंग. एक तास काळ्या फिती लावायच्या का मोर्चा काढायचा यात गेला. दुसरा तास बॅनरवर फोटो कुणाचा यात. हात टेकले.

झरीकडच्या शिंदे बाई कधी तोंड उघडत न्हाईत. आज म्हणाल्या, ‘साहेब म्हनले ना एकेकट्यानं या? मंग जाऊ की. एकशिक्षकीला सर्व्हे न्हाई, असा कागद सगळ्यांचा सारखाच. अन् पोच जिची तिनं, ज्याची त्यानं मागायची.’

एवढी अक्कल आम्हा पदाधिकाऱ्यांत एकालाही न्हाई.

१४ जुलै, सोम.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून चाळीसजण. खिडकीपासून जिन्यापर्यंत रांग. आवकचा क्लार्क रडकुंडीला. ‘मॅडम, मजकूर एकच हाय, एकच कागद द्या ना!’ म्हटलं, ‘न्हाई भाऊ. साहेबांचा हुकूम हाय, एकेकट्यानं.’ शिक्क्याची शाई संपली, नवीन आणवली. साहेब दोनदा दारात येऊन बघून गेले. कदम सरांचा हात मोबाईलकडे गेला, मी नुसतं बघितलं, तो खिशातच राहिला. माझ्या कागदावर शिक्का पडला तेव्हा कधी न्हाई एवढं बरं वाटलं.

जोंधळे सर शाळा सुटल्याशिवाय निघाले न्हाईत. बस मिळून पोचेपर्यंत रांगेत शेवटचे. पुढं तिघं असताना खिडकी बंद. ‘टाइम झाला, उद्या या.’ मी भांडले. उपयोग शून्य. त्या तिघांनी गयावया करून खिडकीच्या फटीतून कागद सरकवले अन् शिक्के घेतले. सरांना पुढं घ्यायचं एकालाही सुचलं न्हाई. मलाही. मी शिक्के मोजायलेय!

सरांच्या हातात दोन कागद होते. एक आमचा. दुसरा घरून लिहून आणलेला, माफीचा. घड्या सारख्याच. दोन्ही खिशात ठेवले.

‘उद्या मंगळवार,’ म्हणाले. ‘तुमच्या सगळ्यांच्या पोचा झाल्या. आता उद्या मी एकटाच की.’

‘मी येते सर.’

‘साहेब एकेकट्यानं म्हणतेत, मॅडम.’ हसले आणि बसकडे गेले.

मी उद्याच्या रजेचा अर्ज लिहून ठेवला. साडेदहाला खिडकी उघडते.