मोरीतला धूर आणि सासूबाईंची आंघोळ

नागाव, १२ डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप नीराताईस,
सगुणाचा नागावहून साष्टांग नमस्कार. तुझा दमा, भावोजींचा गुडघा आणि धाकट्याचे दात यांची खुशाली कळव. (दात आले असतील तर चावतो कोणाला, तेही कळव.) इकडे सर्व क्षेम. फक्त सासूबाईंचा आवाज गेला आहे, तो परत येईल असे डॉक्टर म्हणतात.

झाले असे, की सत्यनारायण ठरला आणि सासूबाईंना मोरीची आठवण झाली. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. वास नाकाला झोंबला नाही तर जागा स्वच्छ झाली असे त्या मानत नाहीत. (फिनेल टाकल्यावर मांजर घर सोडून गेले की त्यांचे समाधान होते.) ह्यांनी मुंबईहून विहिरीजवळच्या शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर आणि मोरीच्या डागांसाठी ॲसिडची बाटली आणली होती. सासूबाई म्हणाल्या, एका देव्हाऱ्यात दोन देव नांदतात, मग ही दोन औषधे का नांदू नयेत? त्यांनी मोरीत पावडर पसरली, वास फुकट जाऊ नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबले, दार लोटले आणि वरून बाटली ओतली.

मी बाहेरची म्हणून मागच्या पडवीत वेगळी बसले होते. आधी खोकला ऐकू आला, मग दाराच्या फटीतून पिवळट हिरवा धूर. मग खोकलाही थांबला, तशी मी उठले. मामंजी अलिबागला पूजेच्या सामानाला गेलेले. शिवू की नको, हे विचारायला कोणीच नव्हते. ओला पदर नाकाला लावला, श्वास रोखून आत शिरले आणि त्यांना बखोटीला धरून माडाखाली ओढत आणले.

वारा लागल्यावर त्यांनी डोळे उघडले. घशातून शिट्टीसारखा आवाज आला, "शिवलीस?"

"शिवले."

"मग न्हाया पायजे," म्हणून त्या उठल्या आणि थेट मोरीकडेच निघाल्या. मी पुन्हा धरले.

मामंजींनी परतल्यावर डॉक्टर आणले, तर ते मामंजींवरच रागावले. ही दोन औषधे एकत्र करायची नाहीत, दारे-खिडक्या उघड्या ठेवायच्या, अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर हाती लागल्या नसत्या, असे म्हणाले. पूजा पुढे गेली. शिवाशिव झालीच होती, म्हणून सासूबाईही माझ्याशेजारी पडवीत बसल्या आणि मामंजींनी भात केला. (तो भात होता, हे त्यांनी सांगितले म्हणून कळले.) संध्याकाळी सासूबाई हळूच म्हणाल्या, "बरं हाय गो हितं. कोन काय काम सांगत न्हाय."

तुझी,
सगुणा

ता. क. हे भावोजींना वाचू देऊ नकोस. मी बाहेरची नव्हतेच. हल्ली फिनेलच्या वासाने पोटात ढवळते, म्हणून लांब बसायची युक्ती काढली. मला दिवस गेले आहेत, ताई. (धूर नाकात जाऊ दिला नाही, काळजी करू नकोस.) पण पडवीत बसलेल्या सुनेला दिवस कसे गेले, हे सासूबाईंना मी कोणत्या तोंडाने सांगू? तू येऊन सांग.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तर सासूबाईंनी आवळ्याचे लोणचे पुढ्यात ठेवले आणि फिनेलची बाटली गोठ्यात नेऊन ठेवली. तेव्हा सांगायला येऊ नकोस. डोहाळे पुरवायला ये.