टेहळणी फँटमचं नाक

३ मार्च
विमानाच्या मॉडेलच्या पेटीवर छापलेली किंमत चार हजार आठशे येन. खरी किंमत: पेटी, अधिक फुमिएसाठी स्ट्रॉबेरीचे मोची, अधिक रविवारी सासूबाईंना गरम पाण्याच्या झऱ्यावर नेऊन आणणे. वाटेत त्यांची गाणी. तरी स्वस्तात पडलं म्हणायचं.

मोची खाऊन झाल्यावर फुमिएने भिंतीतलं कपाट उघडलं. आत न जोडलेल्या विमानांच्या पेट्या, छतापर्यंत. म्हणाली, अहो, लग्न झाल्यापासून एक तरी विमान पुरं केलंत का? मे महिन्यात शिझुओकाच्या मॉडेल-प्रदर्शनात तुमच्या छंदमंडळाच्या टेबलावर तुमचं एक पुरं विमान दिसलं नाही, तर हे कपाट रिकामं. इथे आईच्या गाद्या राहतील. आईसुद्धा.

'आईसुद्धा' ती फार सावकाश म्हणाली.

कबूल केलं. इस्त्री मारत मारत तीन लाँड्र्या उभ्या केल्या मी. एक विमान म्हणजे काय!

४ मार्च
साधं विमान करायचं नाही. ते आमच्या मंडळाचे सेक्रेटरी ओकित्सुसान करतात. न्हावी माणूस, दाखवलेल्या रेघेवर कापणारच.

मी करणार टेहळणी फँटम, म्हणजे फँटम लढाऊ विमानाचा फोटो काढणारा अवतार. पेटीत आहे तोफेवालं नाक. ते काढून कॅमेऱ्यांचं नाक बसवणार. हा प्रकार या कंपनीने काढलेलाच नाही. दुसऱ्या कंपनीचा विकत घेणं म्हणजे पाहुण्यांना बाहेरून जेवण मागवून 'घरचंच आहे हो' म्हणणं.

मी करतोय ते नाक या कंपनीच्या कुठल्याही पेटीत सापडणार नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. छान वाटलं.

सूचनांचा कागद न उघडताच घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. लेबल न वाचता कपडा धुणाऱ्याला मी कामावरून काढतो. पण ती लाँड्री. ही कला.

९ मार्च
तोफेवालं नाक मधोमध कापलं. आता माघार नाही. मागचा अर्धा भाग धरून पुढे पुट्टीने आकार द्यायचा.

पेटीत काही फालतू तुकडेही निघाले. गाजर उभं चिरावं तसे दोन अर्धे, खालच्या अंगाला खिडक्यांसारखी भोकं. पेटी जड लागावी म्हणून घालत असतील. धंदा मलाही कळतो. दोन्ही एकमेकांना चिकटवून टाकले. रंग तपासायला बरे.

२ एप्रिल
पुट्टीचं नाक तयार. मंडळाच्या बैठकीत नेलं. ओकित्सुसान म्हणाले, वा, मोचिझुकीसान, रताळं आणलंत? भाजायचं राहिलंय. मी शांतपणे सांगितलं, ही प्राथमिक अवस्था आहे.

मग त्यांनी विचारलं, तो सूचनांचा कागद पाहिलात का, त्यात की नाही... मी हात वर करून त्यांना थांबवलं. मत्सरी माणसाचं पूर्ण ऐकू नये. चहा पिताना ते सारखे हसत होते. बाकीचेही. चहात काय होतं कोण जाणे.

१९ एप्रिल
रताळ्याची पुट्टी खरवडून दुसरं नाक केलं, पण पुट्टी वाळेना. व्यवसायाचा उपयोग करायचा ठरवला आणि नाक लाँड्रीच्या वाळवणखोलीत शर्टांमध्ये टांगलं. संध्याकाळी पाहतो तर नाक खाली वाकलेलं, मन दुखावल्यासारखं. शिवाय बँक मॅनेजरच्या शर्टावर करडा डाग. त्याला म्हटलं, डाग जुनाच असावा.

नाक नव्याने करतोय. उशीर झालेला नाही. अनुभव झाला आहे.

५ मे
सुट्ट्यांत सगळं जग हिंडायला गेलं. मी घासत बसलो. सासूबाई नव्या पत्तीचा चहा घेऊन आल्या, कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, खिडकी नाही, पण चालेल.

तिसरं नाक अप्रतिम. रंग तपासून त्या फालतू गाजरावर करड्याच्या सगळ्या छटांचे पट्टे उठले आहेत, एक गुलाबीही (चुकून). फुमिए म्हणाली, अहो, तुमच्या नाकापेक्षा हेच जास्त नाकासारखं दिसतं. मी खूप हसलो. बिचारीला विमानातलं काय कळणार?

कुंचल्याने पाटी लिहिली: 'नाक संपूर्ण हस्तनिर्मित. पेटीत मिळत नाही.' लाँड्रीत प्लास्टिकमध्ये घालून घेतली.

१७ मे
प्रदर्शन. विमान मागच्या सीटवर, शेजारी सासूबाई, त्यांच्या हातात कपाट मोजायची टेप. सिग्नलला ब्रेक दाबला. सासूबाई जराशा सरकून परत बसल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, काहीतरी कुरकुरीत होतं.

तिसरं नाक मुळापासून गेलं.

पार्किंगमध्ये मी डोकं धरून बसलो. डोळ्यांपुढे कपाट, कपाटात सासूबाई. फुमिएने माझ्या अवजारांच्या पिशवीतून ते पट्ट्यापट्ट्यांचं गाजर काढलं आणि विमानाच्या तोंडाला लावून दाबलं. खट्. केसही आत जाणार नाही असं बसलं. योगायोग! मी म्हटलं, माझा विमानाचा सांधाच इतका अचूक घासलेला आहे की काहीही बसेल.

विमान टेबलावर गेलं. पुढे पाटी. पट्ट्यांचं विचारलं की सांगत होतो, प्रायोगिक रंगसंगती आहे. गुलाबीचं विचारलं की म्हणायचो, पहाटेच्या उड्डाणांसाठी. एका वृद्ध गृहस्थांनी भिंग लावून पाहिलं. म्हणाले, इतका सफाईदार जोड हाताने? मी म्हटलं, इस्त्रीचा हात आहे.

ओकित्सुसान पाटी वाचून बाहेर निघून गेले. खांदे हलत होते. भावनाविवश झाले असावेत.

फुमिए म्हणाली, ठीक आहे, कपाट तुमचं. सासूबाईंनी टेप गुंडाळली.

१८ मे
टेबल फार डुगडुगतं म्हणून फुमिएने पायाखालचा कागद काढून जाड पुठ्ठा घातला. ती औषधाच्या बाटलीवरचंही शेवटपर्यंत वाचते. हा कागदही उलगडून वाचला. मग माझ्यासमोर ठेवून चहा टाकायला गेली. स्वयंपाकघरातून आवाज आला. ती आईशी फोनवर हसत होती.

कागदावर पेटीतल्या सगळ्या तुकड्यांचं चित्र आहे. त्यातले दोन निळ्या रंगाने भरलेले. खाली छापलंय: निळे तुकडे पुढे येणाऱ्या आवृत्तीचे आहेत, या विमानाला लागत नाहीत.

तुकडे ७ आणि ८. टेहळणीचं नाक, डावा भाग आणि उजवा भाग.