निधीकडून परत आलेला डबा

अहो,

वरण-भात फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. मी शेजारी निधीकडे जाऊन येते.

तिला पुरणपोळ्या दिल्या होत्या ना, तो डबा काल परत आला. रिकामा डबा देऊ नये एवढं त्या पोरीला कळतं, म्हणून आत साखर होती. आणि साखरेवर एक कार्ड, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांच्या हेल्पलाइनचं. माझ्या डोळ्याखालचं काळंनिळं तिने बघितलं होतं. कपाटाचं दार लागलं ही थाप काही तिला पटली नाही. आधी मला हसू आलं, मग येईना.

तुम्ही म्हणता, स्वप्नात हात उडतो, त्यात काय एवढं! स्वतः डॉक्टर, म्हणून दुसऱ्याला विचारायचं नाही. शेवटी मीच तुमच्या शंतनूंना फोन केला. न्यूरॉलॉजिस्ट माणूस, पण त्यांनी आधी विचारलं, "वहिनी, विवेकला वास येतो का?" आज सकाळी मी मुद्दाम फोडणी करपवली. स्मोक अलार्म वाजला तेव्हा कुठे तुम्ही पेपरातून डोकं वर काढलंत.

हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, स्वप्नात हात उडणं आणि वास न येणं, ही पार्किन्सन्सची फार आधीची खूण असू शकते. नसेलही. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतलीय, कॅन्सल करायची नाही. ड्राइव्ह मी करीन.

अख्ख्या डब्लिनमध्ये बोभाटा व्हायच्या आत निधीला खरं सांगते. पण झोपेत मला मारताना तुम्ही ओरडत असता, "खबरदार तिला हात लावाल तर!" ती म्हणजे मीच, हे त्या पोरीला कसं पटवू?

उत्तरा